पूररेषेला टांगलेली अक्षरं : सांगलीतल्या एका चौकोनी टाइपफेसचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या पूरपट्ट्यातल्या एका पेठेत गणेश मंडळाची अभ्यासिका आहे. खाली वाचनालय आणि देवघेवीचं टेबल, वर स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींची बसायची सोय. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपुढे गेलं आणि अभ्यासिकेचा खालचा मजला बुडाला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पुस्तकांचं काय झालं हा वेगळा लिहायचा विषय आहे. इथे फक्त पाट्यांचं सांगतो.

फ्लेक्स वाहून गेले. प्लायवुडवर चिकटवलेली ॲक्रिलिकची अक्षरं प्लाय फुगल्यावर सुटली. पेंटरने रंगवलेलं नाव गिलाव्यासकट पोपडे धरून पडलं. शाबूत राहिल्या त्या स्वच्छतागृहातल्या टाइल्स. पाइप लावून गाळ धुतला की भिंत पहिल्यासारखी. मंडळाच्या बैठकीत कुणीतरी सहज म्हणून गेलं, मग पाट्याच टाइल्सच्या करा की.

काम गावातल्याच एका तरुण डिझायनरकडे गेलं. ती अक्षररचना शिकलेली, पण तोवर तिचं बहुतेक काम लग्नपत्रिका आणि दुकानांच्या लोगोंचं. मी या कामात सल्ल्यापुरता होतो. संस्थेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत.

नेमकी अडचण

बाजारात काचेच्या मोझॅक टाइल्स मिळतात. एक टाइल २० मिलिमीटरची, मधे बारीक सांधा, आणि पंधरा बाय पंधराचं एक शीट, साधारण ३२७ मिलिमीटरचं. अक्षर काढायचं ते याच चौकोनांतून. वळण नाही, तिरकी रेघ नाही, जाड-बारीक नाही. चौकोन एक तर काळा, नाही तर पांढरा.

रोमन लिपीत हा खेळ शंभर वर्षांचा आहे. डच चित्रकार थिओ व्हान डूसबर्गने १९१९ मध्ये पाच बाय पाच चौकोनांच्या जाळीत अख्खी वर्णमाला बसवली. डच डिझायनर विम क्राउवेलने १९६७ मध्ये पडद्यावरच्या टाइपसेटिंगच्या मर्यादा मान्य करून फक्त सरळ रेषांची ‘न्यू अल्फाबेट’ काढली. वाचायला अवघड म्हणूनच ती जास्त गाजली. अक्षररचनाकार झुझाना लिको हिने १९८५ च्या सुमारास मॅकिन्टॉश संगणकाच्या जाड ठिपक्यांच्या पडद्यासाठी ठिपक्यांचे फॉन्ट केले, ते आजही वापरात आहेत. डिझायनरने हे सगळं पाहिलेलं होतं आणि तिला उत्साहही तिथूनच आला होता. पण ही मंडळी ज्या अक्षरांशी झुंजत होती त्यांना वर मात्रा नव्हती, खाली उकार नव्हता आणि डोक्यावर रफार येऊन बसत नव्हता. देवनागरीचं अक्षर तीन मजली असतं, आणि गर्दी नेमकी वरच्या आणि खालच्या मजल्यावर होते.

समोर असलेले पर्याय

सोपा पर्याय म्हणजे आहे तो फॉन्ट घेऊन संगणकावर लहान करायचा, पडद्यावर जे ठिपके उमटतील ते टाइलवर उतरवायचे. तिने करून पाहिलं. ‘ग’ बरा आला, ‘क्ष’ चा गोळा झाला, आणि एकाच शब्दात ‘क’ ची दांडी कुठे एक चौकोनाची तर कुठे दोनाची. गोल अक्षर यंत्राने चौकोनात कोंबलं की असंच होणार. हा पर्याय पहिल्याच आठवड्यात बाद झाला, ते बरंच झालं.

दुसरा पर्याय, मोठ्या फरशीतून यंत्राने अक्षरं कापून घ्यायची. देखणं झालं असतं. पण एक अक्षर फुटलं तर पुन्हा कोल्हापूर किंवा पुणं गाठायचं. मंडळाला असं काहीतरी हवं होतं की पेठेतला मिस्त्री दुरुस्त करू शकेल.

तिसरा, लागतील तेवढेच शब्द काढायचे. पाट्या मोजक्या होत्या: अभ्यासिका, ग्रंथालय, देवघेव, संदर्भ विभाग, स्पर्धा परीक्षा, विद्यार्थिनी कक्ष, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, आणि दारावर ‘सर्वांसाठी खुले’. एवढ्यासाठी पूर्ण टाइपफेस कशाला, असा प्रश्न खजिनदारांनी विचारला आणि तो रास्त होता. उत्तर त्यांच्याच वहीत निघालं. देणगीदारांची नावं भिंतीवर लावायची होती आणि ती दर वर्षी वाढणार होती. तेव्हा ठरलं की अक्षरांचा संच करायचा, पण या नऊ पाट्यांना जी अक्षरं लागतात ती आधी.

हा क्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एरवी कुणीही ‘अ’ पासून सुरुवात करतं, किंवा ‘ग’, ‘न’, ‘त’ अशा सुटसुटीत अक्षरांपासून. तिनेही पहिला आराखडा तसाच केला होता: शिरोरेषेखाली पाच रांगा, वर दोन, खाली दोन. ‘गगन’, ‘नगर’, ‘तारा’ झकास दिसत होते. पाट्यांची यादी आणि देणगीदारांची नावं समोर ठेवल्यावर जाळी अपुरी पडली.

चौकोनांचा हिशोब

अडलं ते ‘ष’ पाशी. ‘प’ च्या पोटात एक तिरकी रेघ आली की ‘ष’ होतो. पोट दोन चौकोन रुंद असेल तर तिरकी रेघ म्हणजे कोपऱ्याला कोपरा लावलेले दोन काळे चौकोन, आणि उरलेल्या दोन पांढऱ्या चौकोनांवरून काहीच कळत नाही. पोट तीन बाय तीनचं केलं तर तिरक्यात तीन चौकोन जातात आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन पांढरे उरतात. तेवढ्यावर डोळा ‘ष’ वाचतो. ‘व’ आणि ‘ब’ चंही तेच. म्हणजे ‘प’ ची रुंदी पाच ठरली: दांडी एक, पोट तीन, दांडी एक. उंचीही तिथेच ठरली. पोटाच्या तीन रांगा, खालची आडवी एक, आणि उजवी दांडी त्याखाली आणखी दोन: शिरोरेषेखाली सहा रांगा.

वरचा मजला ठरवला तो ‘सर्वांसाठी’ मधल्या ‘र्वां’ ने. काना, त्याच्या डोक्यावर रफार आणि शेजारी अनुस्वार. अनुस्वार शिरोरेषेला चिकटला तर तो अनुस्वार राहत नाही, म्हणून मधे एक रांग मोकळी हवी. रफाराचा आकडा शिरोरेषेवर उभा राहून वळायला तीन रांगा लागतात. खालच्या मजल्याला उकार आणि ‘गृ’ ची ऋकाराची खूण मिळून तीन. बेरीज केली: वर तीन, शिरोरेषा एक, मधे सहा, खाली तीन, एकूण तेरा. शीट पंधराचं. वर एक, खाली एक रांग मोकळी सोडली की पाटीची एक ओळ म्हणजे शीटची एक रांग. अक्षराची मूळ उंची जेमतेम अर्धा फूट येत होती, गल्लीच्या रुंदीला ती पुरेशी.

दांडी दोन चौकोनांची जाड करावी असा मोह तिला शेवटपर्यंत होता. कागदावर ती जाड अक्षरं खरंच रुबाबदार दिसायची. पण मग ओळ पंधरात मावत नव्हती, अक्षराच्या मधोमध दोन शीटचा जोड आला असता, आणि जोड कधी तंतोतंत बसत नाही. मिस्त्रींनी हे हातात दोन शीट धरून एका मिनिटात पटवून दिलं.

अर्धी टाइल चालेल का, हाही प्रश्न होता. पक्कडीने काच तिरकी तोडता येते. ‘र’ च्या पायाला, मात्रेला सुंदर उतार मिळाला असता. मिस्त्री म्हणाले, “तोडाय काय जातंय ताई, पर धार ऱ्हातीया. पोरांचे हात लागणार.” नियम झाला: अर्धा चौकोन नाही. त्यामुळे ‘र’ चा पाय पायऱ्यांनी उतरतो आणि मला तो आजही थोडा लंगडा वाटतो.

जोडाक्षरांत एक फाटा फुटला. ‘विद्यार्थिनी’ मधला ‘द्य’ फार जागा खात होता. पाय मोडून ‘विद्‌यार्थिनी’ लिहिलं तर काम हलकं होतं, शालेय पाठ्यपुस्तकांत अशी अक्षरं छापलेलीही आहेत. आणखी पुढे जाऊन तिने ‘इ’, ‘उ’, ‘ए’ हे ‘अि’, ‘अु’, ‘अे’ असे करावेत का, असंही सुचवलं. सावरकरांच्या लिपिसुधारणेतली ही बाराखडी एके काळी इथून जवळच, किर्लोस्करवाडीच्या मासिकांनी वापरली होती. अध्यक्ष निवृत्त शिक्षक. ते हसून म्हणाले, “अगं, आमची पोरं एमपीएससीला मराठीचा पेपर देतात. आपल्याच भिंतीवर वेगळं वाचायला लावू नकोस.” दोन्ही सूचना मागे पडल्या. ‘द्य’ अख्खा काढला. तो आठ चौकोन रुंद झाला आणि या संचातलं माझ्या मते सगळ्यात चांगलं अक्षर तेच आहे.

शिरोरेषेचा वाद

इथवरचं काम नेटकं होतं. प्रयोग म्हणावा असा भाग यापुढचा.

तिची कल्पना अशी: २०१९ मध्ये पाणी जिथवर चढलं त्या उंचीवर इमारतीभोवती टाइलची एक अखंड रांग फिरवायची, आणि दर्शनी भिंतीवरच्या पाट्यांची शिरोरेषा तीच ठेवायची. रस्त्यापासून ही खूण सातेक फुटांवर येत होती, पाटीला सोयीची उंची. अक्षरं पूररेषेला टांगलेली दिसणार. बैठकीत चित्र दाखवल्यावर क्षणभर कुणी काही बोललं नाही, मग सगळीकडून बोलणं सुरू झालं.

पहिला आक्षेप अध्यक्षांचा. “पोरं इथं अभ्यासाला येतात. त्यांच्या डोक्यावर पूर कशाला टांगतेस?” त्यावर वरच्या मजल्यावरचीच एक विद्यार्थिनी म्हणाली की पाणी कुठवर येतं हे कळलं तर पुस्तकं कुठवर उचलायची हेही कळेल. हा मुद्दा सगळ्यांना पटला. पुढे कपाटांची खालची फळीही त्या रेषेच्या वर घेतली गेली.

दुसरा रंगाचा. ती रेषा निळी करणार होती. एक सभासद बांधकाम व्यवसायातले. त्यांनी लगेच हात वर केला. नदीकाठच्या गावात निळी आणि लाल पूररेषा हे सरकारी शब्द आहेत: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल, आणि त्यावर बांधकामाची परवानगी अडते. “उद्या कोणतरी फोटो काढून म्हणंल, ह्यांच्यातनं निळी रेषा जाते.” निळा आणि लाल दोन्ही बाद. शेवटी गढूळ पाण्याच्या रंगाची तपकिरी टाइल ठरली, आणि ती निळ्यापेक्षा खरी दिसते.

तिसरा आक्षेप कुणी घेतला नाही, तो चाचणीत सापडला. तिने पाट्यांचे कागद जोडून दर्शनी भिंतीवर लावले आणि समोरच्या कट्ट्यावर बसलेल्या पोरांना मोठ्याने वाचायला सांगितलं. “स्पर्घा परीक्षा,” एकाने वाचलं. दुसऱ्याने “संदर्म.” देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’, ‘य’ आणि ‘थ’ या जोड्यांमधला निम्मा फरक शिरोरेषेतल्या खाचेत असतो. रेषा अखंड ठेवली की खाच बुजते, आणि चौकोनी जाळीत ‘ध’ ची डावीकडची गाठ म्हणजे उणेपुरे दोन चौकोन. तेवढ्यावर अक्षर तरत नाही.

आता निवड सरळ होती आणि म्हणूनच अवघड. रेषा अखंड ठेवली तर कल्पना टिकते, वाचन जातं. रेषा तोडली तर वाचन टिकतं, पण पाण्याची पातळी अशी मधेच तुटत नसते. मधला मार्ग म्हणून तिने ‘ध’ चा डावा भाग रेषेखाली एक रांग सोडून काढून पाहिला. पोटाच्या तीन रांगांपैकी एक गेली, आणि पोरं तरीही ‘घ’ च वाचत होती.

शेवटी तोडगा रंगातून निघाला. तपकिरी रेषा शब्दाच्या एक चौकोन आधी थांबते. शब्दाची शिरोरेषा त्याच उंचीवर, पण काळी. शब्द संपला की तपकिरी पुन्हा सुरू. लांबून डोळा दोन्ही रेषा जोडून घेतो आणि जवळून ‘ध’ ची खाच पांढरी दिसते. खाच आधी एका चौकोनाची होती, ती रस्त्यापलीकडून दिसेना; दोनाची केली. खाच वाढली तसं दोन शब्दांमधलं अंतर पाच चौकोनांचं करावं लागलं, नाहीतर ‘संद’ आणि ‘र्भ’ वेगळे शब्द वाटायला लागले.

भिंतीवर चढवताना

फॉन्टची फाइल तयार होती, पण मिस्त्रींना तिचा उपयोग शून्य. त्यांना हवी होती मोजणी: या रांगेत पांढऱ्या किती, काळ्या किती, पुन्हा पांढऱ्या किती. तिने एक्सेलमध्ये चौकोनी घरं रंगवून प्रत्येक पाटीचा तक्ता केला, कडेला आकडे टाकले. पांढऱ्या शीटमधून लागतील त्या टाइल्स उपटून तिथे काळ्या बसवायच्या, असं ठरलं.

पहिलं शीट बघताच मिस्त्री थांबले. “ताई, कागद फुडं हाय ह्याला. अक्षर उलटं बसंल.” मोझॅकची शीटं दोन प्रकारची असतात. एकात जाळी मागे असते, दुसऱ्यात दर्शनी बाजूवर कागद चिकटवलेला असतो आणि तो बसवल्यावर भिजवून काढतात. कागदवाल्या शीटवर मागून काम करायचं म्हणजे तक्ता आरशातला हवा. दुकानदाराने दोन्ही प्रकार मिसळून पाठवले होते. तक्ते दोन्ही बाजूंचे छापून, उलट्या तक्त्यांवर लाल शाईने ‘कागद’ असं लिहून काम पुढे गेलं.

सांध्याच्या रंगावर फार वेळ गेला नाही. पांढऱ्या सांध्यात काळं अक्षर ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, काळ्या सांध्यात पांढरी भिंत जाळीदार दिसते. मध्यम करडा घेतला, तोही इपॉक्सीचा, कारण सिमेंटचा सांधा गाळाचं पाणी पितो.

काय झालं

पाट्या लागल्या. ‘स्पर्धा परीक्षा’ आता कट्ट्यावरून बिनचूक वाचली जाते. ‘विद्यार्थिनी कक्ष’ मात्र आत, दारावर आहे. तिथे पूररेषा छातीच्या उंचीला येत होती म्हणून शिरोरेषा चौकटीच्या वर घेतली आणि तपकिरी रेषेशी तिचा संबंध सुटला. दर्शनी पाट्यांचा जोर आतल्या पाट्यांना नाही. काही ज्येष्ठ सभासदांना ‘थ’ अजून ‘य’ सारखा वाटतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

एक अडचण नंतर आली. पुस्तकांच्या कपाटांवर याच अक्षरांत रेडियम लावायचं ठरलं. रेडियमवाल्याने यंत्रावर अक्षरं कापली तर ‘ष’ च्या तिरक्या रेघेतला मधला चौकोन सुटून गळून पडला. कोपऱ्याला कोपरा टेकलेले चौकोन भिंतीवर चालतात, कापकामात त्यांना धरून ठेवणारं काहीच नसतं. डिझायनरने फॉन्टची वेगळी आवृत्ती केली आणि अशा प्रत्येक कोपऱ्यावर बारीक पूल टाकला. भिंतीच्या तक्त्यात तो नाही.

पुन्हा करायचं झालं तर

मला विचाराल तर जाळीचं माप गर्दीच्या अक्षरांवरूनच पहिल्या दिवशी काढावं. ‘ष’, ‘द्य’, ‘र्वां’ आणि ‘गृ’ एकाच कागदावर मांडले असते तर पाच रांगांचा आराखडा जन्मालाच आला नसता. मिस्त्रींना बैठकीत आधीपासून बसवायला हवं होतं; अर्धी टाइल, शीटचा जोड, कागदाची बाजू, तिन्ही ठिकाणी निर्णय त्यांच्या बोलण्याने फिरला आणि तिन्ही वेळा काढलेलं काम बदलावं लागलं. वाचनाची चाचणी मात्र वेळेवर झाली, फरशी लागण्याआधी, कागदावर. ती कट्ट्यावरच्या पोरांऐवजी बैठकीतल्या सभासदांवर घेतली असती तर ‘स्पर्घा’ सापडला नसता, कारण पाटीवर काय लिहिलंय हे सभासदांना आधीच ठाऊक होतं.

एका बाबतीत डिझायनरचं आणि माझं अजून जमलेलं नाही. माझ्या मते आतल्या पाट्यांना काळ्याऐवजी तपकिरी शिरोरेषा देऊन बाहेरच्या रेषेची आठवण ठेवता आली असती. तिचं म्हणणं, जिथे पाणी आलंच नाही त्या उंचीवर तो रंग लावणं खोटं.

देणगीदारांची भिंत आता सुरू झाली आहे. पाटील, जाधव, कुलकर्णी सहज बसले. ‘कुऱ्हाडे’ आडनावाच्या दोन पाट्या थांबल्या आहेत, कारण ‘ऱ्ह’ मधला अर्धा ‘र’ तीन चौकोनांत काढला की तुटलेल्या टाइलसारखा दिसतो आणि चारात काढला की ‘ह’ ला जाऊन धडकतो.